अभ्यासाचा विडा

अन्साबाई आमच्या शाळेत पहिल्यांदा आल्या त्या भांडायलाच.

मी कारंज्याच्या शाळेत नुकताच लागलो होतो. मी मूळचा नगरकडचा, वऱ्हाड मला नवं होतं. दुपारच्या सुट्टीत पाहिलं तर हेडमास्तरांच्या खोलीच्या दारात एक उंच, काळ्यासावळ्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि आमचे व्याकरणाचे मास्तर खोलीच्या आत भिंतीला चिकटलेले. वर्गात एका मुलानं ‘मले येत नाही’ असं म्हटलं म्हणून मास्तरांनी त्याच्या हातावर छडी ओढली होती. ही त्या मुलाची आई.

“मले म्हतलं तं कोनाचं मेलं काय, मास्तर?” बाई विचारत होत्या. “माहा बाप मले म्हणे, त्याचा बाप मले म्हणे. तुमी त्याले ‘मला’ शिकवा ना. शिकवाले बसले तुमी. पन मारता काहून?”

मास्तरांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर टेबलावरचे कागद सारखे करू लागले. बाई उत्तराची वाट पाहत उभ्याच राहिल्या. शेवटी मास्तर म्हणाले, “चुकलं.” तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग ठीक हाये,” आणि पदर सारखा करून निघून गेल्या.

हा ‘काहून’, म्हणजे ‘का’, पुढं किती जणांना ऐकावा लागलेला मी पाहिला! दूधवाल्याला, दवाखान्यातल्या डॉक्टरला, पोलीस चौकीतल्या जमादाराला, देवळातल्या देवालासुद्धा. त्या देवापुढं हात जोडायच्या, पण आधी दोन गोष्टी सुनवायच्या आणि मग जोडायच्या.

अन्साबाई इंझोरीच्या. घरची चांगली काळी जमीन, विहीर, दोन बैलजोड्या. नवरा तापानं गेला तेव्हा हा मुलगा, पुंडलिक, पाळण्यात होता. पोराला शिकवायचं हे त्यांनी एकटीनं ठरवलं. भाऊबंद म्हणाले, शेती कोण करेल? शेती भावाच्या हवाली करून त्या पोराला घेऊन कारंज्याला आल्या आणि दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्यांच्या खोल्यांना लागूनच माझी खोली. मधली भिंत कुडाची. त्यामुळं त्यांचं बोलणं मला ऐकू यायचंच, आणि त्यांना हळू बोलताच येत नसे.

त्यांची माया रागातूनच बाहेर पडायची. मी खाणावळीत जेवतो हे कळल्यावर त्या माझ्यावर इतक्या चिडल्या की मी काही गुन्हाच केला आहे असं मला वाटलं. “ह्या वयात असं चिमनीवानी खाता? मेल्यावर जेवसान काय?” आणि दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी माझ्या दारात येऊन आदळू लागली. नको म्हणायची सोय नव्हती.

त्यांना अक्षर येत नव्हतं. पण संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापताना त्या पुंडलिकाकडून त्या दिवशीचे सगळे धडे तोंडी ऐकायच्या. ते ऐकणं साधं नव्हतं. त्या मध्येच हटकायच्या.

“राजा मेला म्हंतं. मंग राज्य कोनाकडं गेलं?”

“ते पुस्तकात नाही, माय.”

“काहून नाई? लिवनाऱ्याले ठाव नव्हतं काय?”

पुंडलिक हसायचा. मोठा गुणी मुलगा. फार हुशार नव्हे, पण चिवट. एकदा समजलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायचा, दुसऱ्यांदा नाही तर तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदा समजलेलं मग जन्मभर विसरायचा नाही. मी त्याला बीजगणित शिकवत असे. रात्री जेवण झालं की तो अंगणातल्या खाटेवर पडायचा आणि पडल्याबरोबर झोपायचा. अन्साबाई त्यावरूनही चिडायच्या. “हे पोट्टं असं झोपते, उचलून नेलं तरी कळाचं नाई.”

पुढं या झोपेसाठी त्या बाईनं काय काय केलं ते आठवलं की माझा जीव कासावीस होतो. आणि रागही येतो. इतकी वर्षं झाली, तो राग उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

पुंडलिक मॅट्रिकच्या वर्गात गेला त्या वर्षीची गोष्ट. चौकात बब्बन नावाच्या माणसाची पानपट्टी होती. तिथं ‘अभ्यासाचा विडा’ मिळतो असं पोरांत बोललं जाऊ लागलं. विडा खाल्ला की झोप येत नाही, भूक लागत नाही, डोकं आरशासारखं लख्ख होतं. रात्रभर वाचा, सकाळी ताजे. मॅट्रिकची पोरं परीक्षेच्या धसक्यानं आधीच अर्धी झालेली. खेड्यातून आलेली, इंग्रजीला घाबरणारी. त्यांना आणखी काय हवं होतं? त्या विड्यात चुन्याबरोबर चिमूटभर कोकेन असे. मुंबईहून चोरून येणारा माल, तोही भेसळीचा. सुरुवातीचा विडा बब्बन फुकट द्यायचा.

पहिला महिनाभर पुंडलिक एकदम उजळला. वर्गात हात वर. बोलणं भरभर, डोळे चमकदार. मोठ्या आवाजात म्हणाला, “सर, मला आता झोपेची गरजच वाटत नाही.” पोरगं अभ्यासाला लागलं म्हणून सगळेच मास्तर खूश. एकट्या अन्साबाई नाखूश होत्या.

“मास्तर, तो रातभर चालून राह्यला. ह्या भितीपासून त्या भितीलोक. दिवा जळते, पुस्तक उघडं, पन पान उलटत नाई.”

ते खरंच होतं. कुडापलीकडची ती पावलं मीही ऐकली होती. दोन-तीन रात्री असं जागायचं, आणि मग एखाद्या दिवशी दगडासारखं पडायचं. हाका मारल्या तरी ओ नाही. उठला की तोंड सुतकी. कुणाशी बोलणं नाही. वर्गात मी फळ्यावर मांडलेलं गणित तो पाहायचा, मान डोलवायचा, आणि लगेच मी विचारलं तर पहिली पायरीही सांगता यायची नाही. आदल्या आठवड्यात पक्कं आलेलं पुन्हा नवं वाटायचं. तिसऱ्यांदा विचारणारा तो चिवट मुलगा आता एकदाही विचारत नव्हता. एखाद्या पोराला अभ्यास येत नसेल तर शिकवता येतो. पण शिकवलेलं ज्याच्यात टिकतच नाही त्याला काय शिकवायचं?

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. पुंडलिक चुलीजवळ बसून इतिहासाचा धडा सांगत होता. भरभर, न थांबता. संपला. अन्साबाई काही बोलणार तोच त्यानं तोच धडा पहिल्यापासून पुन्हा सुरू केला. तेच शब्द, तोच सूर. आपण आत्ताच हे सांगितलं याचा त्याला पत्ताच नव्हता. अन्साबाईंच्या हातावरची भाकरी हातावरच राहिली.

“पुंडलिका, हे तुनं सांगतलं ना आता.”

“कवा?”

 त्यांनी तव्यावरची भाकर त्याच्या ताटात टाकली, वर चुलीवरचा कढत झुणका वाढला. त्यानं घास उचलला आणि तोंडात घातला. वाफ निघत होती. पण त्याचा चेहरा हललासुद्धा नाही. तो चावत राहिला. ओठाला टम्म फोड आला, तरी तो चावतच होता.

अन्साबाई उठल्या. त्यांनी त्याची हनुवटी धरली, तोंड उघडलं आणि दातांकडे पाहिलं. दात काळपट पडले होते. त्याच्या सदऱ्याच्या खिशात पानाची पुडी होती. ती त्यांनी काढली, त्यातला विडा मोडला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात घातला. मी “अहो, अहो” म्हणेपर्यंत त्या चावायलाही लागल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी तो थुंकला, बोटानं जीभ चाचपली, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या,

“मास्तर, माही जीभ मेली.”

मग त्यांनी तांब्याभर पाणी घेऊन चूळ भरली, पायात वहाणा घातल्या आणि उरलेला विडा मुठीत धरून चौकाकडे निघाल्या. मी मागोमाग गेलो.

बब्बनच्या पानपट्टीवर तेव्हा चांगली गर्दी होती. अन्साबाईंनी तो चुरगळलेला विडा फळीवर आपटला.

“हे काय हाये?”

बब्बन हसला. “विडा हाये, बाई.”

“मी विडा पाह्यला नाई काय जन्मात? याच्यात काय टाकतं तू?”

“अभ्यासाचा मसाला हाये. पोट्टे जागतात, वाचतात, पास होतात. तुमच्या पोराचं भलंच करून राह्यलो.”

“मंग तुह्या पोराले देतं काय?”

बब्बनचं हसू जरा ढळलं. त्याचा मुलगा तिथंच फळीखाली बसून सुपारी कातरत होता. अन्साबाईंनी मोडलेला विडा उचलून पुढं केला. “दे. माह्यासमोर दे. त्याचं भी भलं होऊ दे.”

बब्बननं त्यांचा हात झटकला. “जा बाई, घरी जा. जास्त बोलू नोका.” जमलेली माणसं हसली. त्यात शहाणीसुरती माणसंही होती. लाज वाटावी अशा गोष्टीला हसणाऱ्या माणसांची मला त्या दिवसापासून चीड आहे.

बब्बनच्या अंगात एवढं बळ कुठून आलं हे गावाला ठाऊक होतं. पानपट्टीची जागा एका वकिलांची होती. सगळे त्यांना तात्यासाहेब म्हणत. मोठा रुबाब, पांढरंशुभ्र उपरणं, तोंडात सतत संस्कृतीच्या गोष्टी. मुंबईहून येणारं पार्सल त्यांच्याच माणसाच्या हातून उतरतं असं सगळे म्हणत, पण दबक्या आवाजात. आणि हेच तात्यासाहेब आमच्या शाळेच्या कमिटीवर होते.

अन्साबाई जमादाराकडे गेल्या. जमादार दुकानावर आला, विडा खाल्ला आणि गेला. मी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “कमिटीपुढं ठेवू.” कमिटी बसली. अन्साबाईंना बोलावलं नव्हतं. त्या आपल्या आपण येऊन दारात उभ्या राहिल्या.

तात्यासाहेब म्हणाले, “खेड्यातल्या मुलांना शहर पचत नाही, हा खरा प्रश्न आहे. चांगल्या घरची मुलं त्या दुकानावर जात नाहीत.”

“माहं घर चांगलं नाई?” अन्साबाई म्हणाल्या. “अन् दुकान कोनाच्या घरात हाये, वकीलसाहेब? ते सांगा ना.”

 तात्यासाहेबांनी उपरणं झटकलं आणि शाळेच्या शिस्तीवर बोलू लागले. बैठक संपली तेव्हा निर्णय झाला होता. व्यसनी मुलामुळं इतर मुलं बिघडतात, म्हणून पुंडलिकाचं नाव शाळेतून काढून टाकावं. दुकानाबद्दल एक शब्द नाही. मी विरोध केला, तो कुणी ऐकला नाही. विष घेणारा दोषी ठरला आणि विष विकणाऱ्याच्या फळीवर दुसऱ्या दिवशी सकाळी ताजी पानं लागली!

पुढचे दिवस फार वाईट गेले. विडा बंद झाला तसा पुंडलिक आधी दिवसेंदिवस झोपला. जेवायला उठायचा, खादाडासारखा खायचा, पुन्हा झोपायचा. मग झोप उडाली. अंगात किडे फिरतात म्हणून तो दंड ओरबाडायचा, रक्त काढायचा. आई जेवणात काही घालते असा त्याला संशय यायचा. एकदा तो घरातली पितळी भांडी घेऊन पळाला. अन्साबाईंनी भर बाजारातून त्याला हाताला धरून परत आणला, आणि कुणी बघतंय म्हणून मान खाली घातली नाही. दवाखान्यातले डॉक्टर माणूस बरे होते. ते म्हणाले, “याला औषध नाही, बाई. त्या दुकानापासून दूर ठेवा, खाऊ घाला, झोप येईल तशी येऊ द्या. डोकं सावरायला फार वेळ लागेल. आणि किती सावरेल ते मी सांगू शकत नाही.”

“तुमी शिकलेले. तुमाले नाई ठाव?”

“नाही.”

“खरं बोलले,” अन्साबाई म्हणाल्या. त्या गावात त्यांनी वाखाणलेला तेवढाच एक माणूस.

अन्साबाईंचा भाऊ आला आणि पुंडलिकाला बैलांच्या दमणीत घालून इंझोरीला घेऊन गेला. मला वाटलं, आता खोल्या रिकाम्या होतील. पण अन्साबाई राहिल्या.

“तुम्ही नाही गेलात?” मी विचारलं.

“माहं काम राह्यलं ना अठी.”

बाजाराच्या दिवशी त्या पानपट्टीसमोर रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसल्या. ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. शाळेचं पोरगं दुकानाकडं वळलं की त्या त्याला हाक मारायच्या. “कोन्या गावचा तू? तुही माय काय करते?” पोरगं थांबायचं. मग त्या त्याला पुंडलिकाची हकीकत सांगायच्या. झोप कशी गेली, धडा कसा दोनदा सांगितला, कढत झुणका तोंडात कसा गेला. सारं उघड्यावर, मोठ्यानं. आपल्या पोराची अशी हकीकत चारचौघांत सांगायला कोणत्या आईची जीभ वळेल? त्यांच्या भावानं निरोप पाठवला, घराण्याची अब्रू घालवू नको. त्यांनी उलटा निरोप पाठवला, अब्रू त्या दुकानात हाये, तठून आनून दे.

कापूस विकायला आलेले धनजचे, मालेगावकडचे बाप ऐकायला थांबू लागले. त्यातल्या काहींची पोरं आमच्याच शाळेत होती. एक-दोघांनी आपल्या पोरांचे दात उघडून पाहिले. मग मात्र चौकात आरडाओरड झाली. बब्बननं जमादाराला बोलावलं, आणि जमादारानं अन्साबाईंनाच रस्ता अडवला म्हणून चौकीत नेलं. मी आणि ते डॉक्टर सोडवायला गेलो, तर त्या जमादाराला विचारत बसल्या होत्या, “मले आनलं अन् त्याले नाई, काहून?” सोडल्यावर पुढच्या बाजाराला त्या पुन्हा त्याच जागी.

शेवटी अकोल्याहून आबकारीचे साहेब आले. बापांनी अर्ज केले होते, डॉक्टरांनी सही केली होती. बब्बनच्या दुकानात माल सापडला, त्याला सजा झाली, फळी उखडली गेली. तात्यासाहेबांना कुणी हातही लावला नाही. ते म्हणाले, भाडेकरू काय करतो ते मला काय ठाऊक? आणि हे म्हणणं मानलं गेलं.

एवढ्यानं भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो कदाचित. पण त्याच वर्षी शाळेच्या बक्षीस समारंभाचे अध्यक्ष म्हणून तात्यासाहेब उभे राहिले आणि बोलले कशावर, तर विद्यार्थ्यांनी व्यसनापासून दूर राहावं यावर! टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला अन्साबाई बसल्या होत्या. खास त्यासाठी थांबल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

“वकीलसाहेब,” त्या म्हणाल्या, “माह्या पोराचं नाव काय होतं, सांगता काय?”

तात्यासाहेबांना नाव आठवेना. ज्याचं नाव त्यांनी स्वतः शाळेतून काढायला लावलं ते नाव त्यांना माहीतच नव्हतं. ते इकडंतिकडं पाहू लागले. अन्साबाई उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. मग “पुंडलिक,” एवढंच म्हणाल्या आणि चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी खोल्या रिकाम्या झाल्या.

त्यानंतर काही वर्षांनी, माझी बदली ठरल्यावर, मी त्यांना भेटायला इंझोरीला गेलो. नेमके त्याच दिवशी पुंडलिकाला पाहायला मुलीकडचे पाहुणे आले होते. पुंडलिक अंगानं भरला होता, शांत होता. मला ओळखून पाया पडला. झोप परत आली होती, तोंडावर तेज होतं. पाहुण्यांपुढं मामा सांगत होता, पोरगं मॅट्रिकपर्यंत शिकलेलं, शेतीची आवड म्हणून शाळा सोडली. भाऊबंद माना डोलवत होते.

अन्साबाई आतून बाहेर आल्या.

“खोटं हाये ते,” त्या मुलीच्या बापाला म्हणाल्या. “कोकीन खाल्लं त्यानं. चार-पाच महिने. आता खात नाई, रातचा झोपते, काम करते. पन नवं काई सांगतलं तं त्याच्या डोक्यात राहत नाई. चार कामं सांगतली तं दोन इसरते. कवा कवा दिवस दिवस बोलत नाई. डाकतर म्हणे सुधरल. सुधरला तेवढा सुधरला. हे पाहून पोरगी द्याची तं द्या.”

 मुलीचा बाप हात जोडून उठला. अन्साबाईंनी त्याच्या वाटेसाठी भाकरी बांधून दिली आणि स्वतः गाडीपर्यंत पोचवायला गेल्या. परत आल्या तो सगळं घर त्यांच्यावर तुटून पडलं. भाऊ म्हणाला, पोराचा जन्म वाया घालवला. जावा म्हणाल्या, आता कोण देईल मुलगी? त्या एकेकाला उत्तर देत होत्या, आवाज चढला होता. “दुसऱ्याच्या पोरीले फसवू? काहून? मले फसवलं त्याहीनं, आता मी फसवू?”

पुंडलिक ओसरीच्या कडेला उभा होता. तो म्हणाला, “बरं झालं माय, तुनं सांगतलं.”

 अन्साबाई त्याच्याकडे वळल्या. “तुले कोन इचारलं? जाय, बैलाले पानी दाखव. मोऱ्याले आधी, मंग दुसऱ्याले.”

तो गेला. मी निरोप घेऊन दमणीत चढलो. गाडीवान कासरा ओढणार तोच पुंडलिक अर्ध्या वाटेतून परत आला आणि हातातली बादली तशीच धरून म्हणाला, “माय, आधी कोनाले म्हतलं?”

“मोऱ्याले.”

तो पाच-सहा पावलं गेला, थांबला, पुन्हा वळला. जावा एकमेकींकडे पाहू लागल्या. मी गाडीतून अन्साबाईंकडे पाहत होतो. आता ही बाई कडाडणार असं मला वाटलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, ओसरी उतरून त्या त्याच्याजवळ गेल्या, आणि जणू पहिल्यांदाच सांगत आहेत अशा आवाजात म्हणाल्या, “मोऱ्याले आधी, बापू. मंग दुसऱ्याले.”